औट्रम घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे

छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावकडे निघालेली गाडी कन्नड सोडते आणि घाट उतरू लागते. या घाटाला सगळे औट्रम घाट म्हणतात. पाटणादेवीला निघालेल्या सहलीतल्या एखाद्या मुलाने ‘हा औट्रम कोण?’ असे विचारलेच, तर गुरुजी ‘कुणीतरी इंग्रज साहेब’ म्हणून मोकळे होतात, आणि ते खोटेही नसते. जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला, पण सातमाळा-अजिंठ्याच्या आणि सातपुड्याच्या डोंगरांतल्या भिल्ल नाईकांनी तिला सुखाने राज्य करू दिले नाही. घाटवाटा राखायच्या आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यायचा, ही या नाईकांची जुनी वहिवाट होती. ती मोडली, तसे डोंगर पेटले. सात वर्षे पाठलाग आणि शिक्षा करून थकल्यावर कंपनीने धोरण बदलले. १८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्स्या निघाल्या. त्यांतली दक्षिणेकडची कन्नडला होती. धरणगावला बावीस वर्षांच्या औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. साहेबाचे नाव घाटाला चिकटले, पुढे अभयारण्यालाही: गौताळा औट्रमघाट. ज्यांच्यामुळे त्याला इथवर यावे लागले, त्या नाईकांपैकी एकाचेही नाव वाटेवरच्या पाटीवर नाही.

अजिंठ्याचेही तसेच. १८१९ आणि जॉन स्मिथ ही जोडी मुलांना पाठ असते. लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आलेल्या रॉबर्ट गिलचे नाव गाइड घेतो आणि मग आवाज जरा खाली आणून पारोची गोष्ट सांगतो. ना. धों. महानोरांचे काव्य आणि २०१२ चा ‘अजिंठा’ चित्रपट यांनी ही आदिवासी मुलगी घराघरांत पोचवली. पण पारोची माणसे काय पेरत, काय खात, पावसाळ्यात कुठली गाणी म्हणत, आजारी माणसाला कुणाकडे नेत, यातले एक अक्षर सहलीत कुणाच्या कानावर पडत नाही. प्रेमकथेत तिला जागा मिळाली, परिसर अभ्यासात मिळाली नाही.

प्रस्तुत पुस्तक त्या राहिलेल्या जागेसाठी आहे. तिसरी ते आठवीच्या मुलांना आदिवासी जीवन आणि संस्कृती कशी शिकवावी, कुठून सुरुवात करावी, काय टाळावे, याचा हा प्रयत्न आहे. आणि तो मुद्दाम अशा जिल्ह्यात केला आहे, जिथे आदिवासींची आठवण सहसा कुणाला होत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत चार टक्क्यांच्या आसपास होते. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले क्षेत्र मराठवाड्यात फक्त नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूरकडे. त्यामुळे इथल्या मुलाला आदिवासी म्हटले की गडचिरोली किंवा मेळघाट आठवतो. त्याआधी, खरे सांगायचे तर, हिंदी सिनेमातले ‘झिंगालाला’ आठवते. गॅदरिंगमध्ये पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग आणि डोक्यावर कोंबडीची पिसे लावून पोरे नाचतात. खाली पहिल्या रांगेत बसलेले पाहुणे टाळ्या वाजवतात. त्याच शाळेच्या हजेरीपटावर सोनवणे, मोरे, गायकवाड, पवार अशा आडनावांची भिल्ल मुले असतात. आडनावावरून कुणाला काही कळत नाही आणि ती स्वतःहून सांगत नाहीत. सांगितले तर पुढच्या वर्षी पिसांचा मान आपल्याकडेच येणार, हे त्यांना ठाऊक असते.

या विषयात नव्याने शिरणाऱ्याने आधी एक गोष्ट मनातून काढून टाकावी, ती म्हणजे आदिवासी नावाचा एकच एक समाज. महाराष्ट्राच्या अनुसूचीत ४५ जमाती आहेत आणि २०११ मध्ये त्यांची लोकसंख्या एक कोटी पाच लाख होती. भिल्ल सर्वांत मोठे, मग गोंड, मग महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर. नांदेड, हिंगोली, यवतमाळकडचे आंध मराठी बोलतात. भिल्ली बोलींचे नाते गुजराती, राजस्थानी, मराठीशी आहे. गोंडी आणि कोलामी मात्र तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळातल्या, आणि मेळघाटातल्या कोरकूंची भाषा संथाळी-मुंडारीच्या घराण्यातली. म्हणजे एकाच राज्याच्या डोंगरांत तीन भाषाकुळे नांदतात. मराठी मुलाला कोरकू जितकी परकी वाटेल, तितकीच ती भिल्ल मुलालाही वाटेल. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित गटात धरते. या सगळ्यांना एका ‘आदिवासी नृत्यात’ कोंबणे म्हणजे भांगडा आणि भरतनाट्यम एकाच पोशाखात बसवण्यासारखे आहे.

आदिवासींविषयी लिहिण्याची सुरुवात झाली ती राज्य करणाऱ्यांच्या सोयीसाठी. गॅझेटियर, जातीजमातींचे कोश, एजंटांचे अहवाल. मुंबई इलाख्यासाठी एन्थोव्हेनचे खंड निघाले. निजामाच्या मुलखासाठी सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ १९२० मध्ये आला. कोण दंगेखोर, कोण शेतीला बसवण्याजोगा, कुणाच्या अंगावर कुठले गोंदण, अशी ही नोंद. तिच्यात माहिती उदंड आहे आणि आजही ती वापरावीच लागते. मात्र ती वाचताना मुलांनाही एक सवय लावावी: नोंद कुणी केली आणि कशासाठी केली, हे आधी विचारायचे.

दुसरी वाट सेवेची. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढले आणि आश्रमशाळेची कल्पना त्या परंपरेत रुजली. मुलांना डोंगरातून आणून वसतिगृहात ठेवायचे, आंघोळ, प्रार्थना, सूतकताई, मराठी किंवा गुजराती. पिढ्यान्पिढ्या कर्जात बुडालेल्या घरांतली मुले तिथे लिहायला शिकली. आपले ते सगळे उंबऱ्याबाहेर ठेवून यायचे, हेही तिथेच शिकली.

चाळीसच्या दशकात यावरून विद्वानांत जोरदार वाद झाला. व्हेरिअर एल्विन मध्य भारतातल्या गोंड-बैगांत राहिलेला. त्याचे म्हणणे असे की बाहेरच्यांनी या समाजांना लुबाडले आहे, तेव्हा त्यांना संरक्षण द्या, त्यांच्या चालीने जगू द्या. मुंबई विद्यापीठातले गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये उलट मांडले: हे वेगळे कुणी नाहीत, हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग आहेत, त्यांना सामावून घ्या. दोघांच्याही पदरात पुरावे होते. शाळेच्या पाठ्यपुस्तकाने मात्र दोघांकडूनही सोयीचे तेवढेच उचलले. एल्विनकडून नाच, गाणी आणि जंगल घेतले, घुर्यांकडून ‘मुख्य प्रवाह’ घेतला. आजही आदिवासींवरचा धडा बहुधा रंगीत चित्राने सुरू होतो आणि विकासाच्या परिच्छेदाने संपतो.

मराठवाड्याच्या वाचकाने या वादापेक्षा जवळचे एक प्रकरण लक्षात ठेवावे, कारण ते त्याच्याच जुन्या राज्यात घडले. ख्रिस्तोफ फ्युरर-हायमेंडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात अडकून पडला आणि आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये काम करू लागला. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. जमिनी सावकारांच्या घशात जाताहेत, कागद उर्दूत, कचेरी उर्दूत, आणि गोंडांना त्यातले अक्षर कळत नाही, हे त्याने पाहिले. १९४३ मध्ये मार्लवाई या गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तिथली वाचनपुस्तके गोंडी भाषेतली आणि देवनागरी लिपीतली होती. गोंड तरुणांना आधी त्यांच्याच भाषेत अक्षर ओळखायला शिकवले आणि मग त्यांनाच शिक्षक म्हणून गावोगाव धाडले. या आदिलाबादेत अधिकारी म्हणून आलेले निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, कोलामीही शिकले, आणि १९४९ मध्ये त्यांचे आदिलाबादच्या गोंडांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शिवकालाचे इतिहासकार म्हणून पगडींना सारा महाराष्ट्र ओळखतो. त्यांच्या या कामाची ओळख मराठवाड्यातल्या शाळांना अजून व्हायची आहे.

त्याच सुमारास पश्चिमेकडे दुसरा प्रयोग उभा राहत होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात. तर शाळाच कुरणात न्यायची. कुरणशाळा ती हीच. बिया, शिंपले, खडे, पाने हेच साहित्य, अंगण हाच वर्ग. आज देशभर पसरलेल्या अंगणवाडीची मुळे या कामात आहेत. मोठमोठ्या शहरांतल्या बालवाड्यांनी कोसबादकडून पुष्कळ घेतले. उलट दिशेचे काम, म्हणजे शहरातल्या मुलाला वारल्यांचे जग समजावणे, हे कोसबादचे उद्दिष्टच नव्हते. ते काम तेव्हा कुणाच्याच यादीत नव्हते.

पुढे चळवळींच्या शाळा आल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदेच्या काठी, बुडिताच्या छायेतल्या चिमलखेडीसारख्या गावांत जीवनशाळा उघडल्या. नदी, बुडणारी शेते, पावरी-भिल्ली बोली हेच तिथले अभ्यासाचे विषय. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाच्या शाळेत माडिया मुले शिकली आणि त्यांतली काही डॉक्टर, शिक्षक होऊन परतली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच काढली. ती कायद्याच्या चौकटीत बसते की नाही, यावरून कागदपत्रांची लढाई सुरू झाली. मुलाला मातृभाषेतून शिकवा असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगते. प्रत्यक्षात गाव ते करू लागले की नियमांची वही उघडते.

या साऱ्या इतिहासातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो: सांगणारा कोण? एजंट बोलला, सेवक बोलला, मानववंशशास्त्रज्ञ बोलला. आदिवासी स्वतः मराठीत लिहून बोलू लागला तो बराच उशिरा. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ चा. भुजंग मेश्राम, नजुबाई गावित, उषाकिरण आत्राम ही नावे साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. गोविंद गारे यांनी तर आयुष्यभर महाराष्ट्रातल्या जमातींवर लिहिले. तरीही शाळेतल्या वाचनकोपऱ्यात यांतले काही सापडेल अशी आशा धरू नये. तिथे एकलव्याची गोष्ट असते, आणि तीही अंगठ्यापाशी संपते.

वारली चित्रांकडे पाहिले की हा प्रश्न जास्त स्पष्ट होतो. आज ही चित्रे नाहीत अशी शाळेची भिंत विरळा. दोन त्रिकोण जोडले, वर गोल काढला, झाला माणूस. चित्रकलेच्या तासाला याहून सोपे काही नाही. पण लग्नाचा चौक कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी काढतात, लग्न लावणारी धवलेरी तेव्हा गाणी म्हणते, चौकात पालघट देवी असते आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही, हे त्या भिंतीखाली कुणी लिहीत नाही. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे बायकांची, विधीतली, चार दिवसांची कला पुरुषांची, बाजारातली, टिकाऊ कला झाली. यात वाईट काय, चांगले काय, यावर सातवीतली मुले उत्तम भांडू शकतात. त्यांना भांडू द्यावे. आजवर त्यांच्या हातात फक्त ब्रश दिला गेला.

सातपुड्यातल्या होळीचे फोटोही असेच फिरतात. कमरेला घुंगरू, अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. फोटोखाली लिहिलेले असते ‘आदिवासी नृत्य’. तो माणूस नवसाने बुध्या झालेला असतो आणि पाळणीचे कडक नियम पाळत असतो. खाटेवर झोपायचे नाही, अंगाला पाणी लावायचे नाही. मोलगी-काठीकडचा मुलगा हे पाहत वाढतो. संभाजीनगरचा मुलगा त्या टोपाची नक्कल पुठ्ठ्याची करतो.

आपल्याच शाळेतल्या मुलांना शेजारच्या मूळनिवासींविषयी काय शिकवावे, हा प्रश्न जगात इतरत्रही आला आहे, आणि एका ठिकाणी तो फार कडवटपणे आला. अमेरिकेत सुपीरिअर सरोवराच्या काठी ओजिब्वा लोक राहतात. भूर्जाच्या सालीच्या होड्या, सरोवरातले जंगली धान, मेपलच्या रसाची साखर हे त्यांचे जुने जगणे. १८३७ आणि १८४२ च्या तहांत त्यांनी जमीन दिली, पण तिथे शिकार-मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९८३ मध्ये न्यायालयाने हा हक्क अजून जिवंत असल्याचा निकाल दिला. वसंतातल्या रात्री मशालीसारखे दिवे घेऊन भाल्याने मासे मारायला निघालेल्या ओजिब्वांवर मग विस्कॉन्सिनच्या गोऱ्या जमावांनी दगड आणि शिव्या फेकल्या. शिव्या देणारे याच राज्याच्या शाळांत शिकलेले होते आणि तह काय होता, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. १९८९ मध्ये राज्याने कायदा केला: तिथल्या अकरा मान्यताप्राप्त मूळनिवासी राष्ट्रांचा इतिहास, संस्कृती आणि सार्वभौमत्व प्राथमिक शाळेत किमान दोनदा आणि हायस्कूलमध्ये किमान एकदा शिकवलेच पाहिजे. १९९९ मध्ये ओजिब्वा वंशाच्या लुईस अर्ड्रिक यांनी ‘द बर्चबार्क हाउस’ ही मुलांची कादंबरी लिहिली. १८४७ सालची एक ओजिब्वा मुलगी, तिचे घर, तिची आजी, देवीची साथ. त्या काळावरची आधीची लाडकी पुस्तके गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या अंगणातून लिहिलेली होती. ही घराच्या आतून लिहिली गेली.

विस्कॉन्सिनकडून प्रस्तुत पुस्तकाने घेतलेली गोष्ट कायद्याची नाही. ओजिब्वांच्या पवित्र गोष्टी हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात, आणि तिथले जाणते शिक्षक शाळेतही हे पाळतात. वेळापत्रकात ‘लोककथा’ हा घटक मे महिन्यात येत असेल, तर वेळापत्रक बदलावे, कथा नव्हे. आपल्याकडेही वारल्यांचे तारपा हे वाद्य वर्षभर वाजत नाही. भात पिकू लागला की ते बाहेर निघते. कणसरी देवीची गाणी धान्याशी बांधलेली आहेत, वाघबारस दिवाळीच्या तोंडाशी येते, भोंगऱ्याचे बाजार होळीच्या आधी. म्हणून या पुस्तकाची रचना जमातवार केलेली नाही, ऋतूंवर केली आहे. मोह फुलतो तिथून वर्ष सुरू होते आणि सातमाळ्यातल्या भिल्लवस्त्यांतून निघून सातपुडा, सह्याद्री, गोंडवन अशी वाट धरते. शिक्षकाने ज्या महिन्यात जे घडते, ते त्या महिन्यात घ्यावे.

हे आत्ताच का, असे कुणी विचारील. एक कारण साधे आहे: सांगणारी माणसे म्हातारी झाली आहेत आणि नातवंडे दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात किंवा वसतिगृहात असतात. गोष्ट ऐकण्याचा जो काळ, तोच घराबाहेर जातो. दुसरे कारण कागदोपत्री आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आदिवासी हा जंगलाचा दावेदार म्हणून पुढे आला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथले बांबू आता ती ग्रामसभा विकते. ज्या मुलाच्या डोळ्यांपुढे धनुष्यबाण घेतलेला माणूस एवढेच चित्र आहे, त्याला ग्रामसभेचा हिशेब लिहिणारी गोंड बाई उद्या वर्तमानपत्रात दिसली, तर ती आदिवासी आहे हेच त्याला पटणार नाही. इयत्ता तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे निघत आले आहे. जिल्ह्यातली माणसे त्यात यावीत, ही अपेक्षा फार मोठी नाही.

पुस्तकात काय नाही, तेही सांगायला हवे. भगताच्या औषधी वनस्पतींची नावे आणि मात्रा मुद्दाम गाळल्या आहेत. ते ज्ञान ज्यांचे आहे, त्यांनी ते छापायला दिलेले नाही. देवांची चित्रे काढण्याचे उपक्रम नाहीत. पोशाख करून येण्याचा एकही उपक्रम नाही. प्रत्येक कथेखाली ती सांगणाऱ्याचे नाव आणि वस्ती त्याच्या परवानगीने दिली आहे, परवानगी नसेल तिथे फक्त वस्ती आहे. शिक्षकांसाठीच्या सूचनांत एक गोष्ट ठळक छापली आहे: वर्गात भिल्ल किंवा ठाकर मूल असेल, तर त्याला उभे करून ‘तू सांग तुमच्याकडे कसे असते’ असे विचारू नये. त्याच्या आजीला पाहुणी म्हणून बोलवावे, खुर्ची द्यावी, येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्यावे. इतर व्याख्यात्यांना देतो तसेच. मूल मग आपणहून बोलले तर ऐकावे.

मोहाच्या पानावर मात्र वाद झाला. फुले पहाटे गळतात, ती उजाडायच्या आत वेचायची, वाळवायची, भाकरीत, लाडवात घालायची, बियांचे तेल काढायचे. इथवर कुणाचीच हरकत नव्हती. मसुदा वाचणाऱ्या शिक्षकांपैकी काहींना पुढचा परिच्छेद नको होता, कारण त्यात दारू आहे. पण देवाला आणि मेलेल्या माणसाला ती धार वाहिल्याशिवाय विधी पुरा होत नाही, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने फुले बाळगण्यावरच बंधने आली, त्यापायी पोलिसांची झाडाझडती घरात शिरली आणि २०२१ मध्ये राज्याने ती बंधने काढली, हे सगळे गाळले तर मोह हे फक्त एक झाड उरते. परिच्छेद ठेवला आहे. व्यसनाने घरे कशी बसली, हे एका भिल्ल बाईने सांगितलेले तिच्याच शब्दांत त्याच पानावर आहे. दोन्ही वाचून मुले जे विचारतील, त्याची तयार उत्तरे शेवटी दिलेली नाहीत.